उद्यमबागेतला पोकलेनचा वायरिंगवाला : 'ईसीएम गेलाय' असं ऐकलात तर पैसे भरायच्या आधी वाचा

निकाल आधीच सांगून टाकतो, मग बाकीचं रामायण. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात ज्यांची पोकलेन नाहीतर बॅकहो आहेत आणि मॉनिटरवर कम्युनिकेशन एरर येऊन मशीन आयडलवरच (सगळ्यात कमी आरपीएमवर) अडकून बसतंय, त्यांनी नवीन ईसीएमची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरची, ऑर्डर द्यायच्या आधी या माणसाला एकदा मशीन दाखवावं. पाचपैकी साडेचार देतोय, अर्धा कशासाठी कापला ते खाली येईलच.

दुकानाला नाव असं काही नाही. उद्यमबागेत फाउंड्रीच्या मागच्या अंगाला एक शटर आहे, बाहेर जुने हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगे, साप टांगल्यासारखे लटकलेले असतात, आजूबाजूला कुणालाही 'पोकलेनचा वायरिंगवाला' म्हणून विचारलं तरी बोट दाखवतात. त्याचं नाव नंबर इथं टाकत नाही, त्यानंच नको म्हटलंय, आधीच फोन घेऊन घेऊन वैतागलाय. आम्ही सगळे त्याला मिस्त्री म्हणतो, मी पण इथं तेच लिहितो.

ज्यांनी जुनी मशीनं चालवलीत त्यांना हे सगळं नाटकच वाटेल. पूर्वी थ्रॉटलला केबल, पंपाला मेकॅनिकल रेग्युलेटर, बॅटरी आणि स्टार्टर धड असला की मशीन कामाला लागायचं, बिघाड झालाच तर हाताला लागायचा, डोळ्याला दिसायचा. आता इंजिनचा ईसीएम वेगळा, पंपाचा कंट्रोलर वेगळा, मॉनिटर वेगळा, वर कंपनीचा जीपीएस डबा वेगळा, आणि हे सगळे दोन बारक्या वायरींवरून एकमेकांशी बोलणार. ऑपरेटरनं थ्रॉटलचा डायल फिरवला तर ती गोष्ट बऱ्याच मशीनमधे पहिल्यांदा कंट्रोलरला कळणार, मग तो लाइनवरून इंजिनला सांगणार की आरपीएम वाढव. त्या दोन वायरींचं बोलणं तुटलं की इंजिन चांगलं, पंप चांगला, डिझेल भरलेलं, तरी मशीन नुसतं घुरघुरत उभं. चाकांच्या मशीनला एप्रिल २०२१ पासून बीएस-४ (धुराचे नवे नियम) आलं तेव्हापासून बॅकहोवाल्यांच्या मागंपण हेच लागलंय.

तर माझी गोष्ट. वीस टनी पोकलेन, कंपनीचं नाव घेत नाही, कुणी भांडायला नको. (धारवाडला कारखाना आहे म्हणून लगेच टाटा हिताची समजू नका, त्यांचं नाही.) जांबोटी रोडला एका शेतात लेव्हलिंगचं काम चालू होतं, पहिला पाऊस होऊन गेलेला, लाल माती बुटाला चिकटूलाली होती. चालता चालता मॉनिटरवर एरर, गेज सगळे रिकामे, इंजिन एकदम आयडलला. चावी बंद करून परत चालू केली की ठीक, अर्धा दिवस काही नाही, मग ट्रॅकवर चालवत बांध ओलांडला की परत तेच. ऑपरेटर झारखंडचा पोरगा, हुशार आहे, तो म्हणाला भैया चलाते टाइम ज्यादा आता है, खडे खडे खोदाई में कम. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं कामाला येतंय.

कंपनीच्या डीलरकडून सर्व्हिस इंजिनियर आला, लॅपटॉप लावला. कोड होता एसपीएन ६३९, एफएमआय ९. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ६३९ म्हणजे जे-१९३९ ची (कंट्रोलरांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्याचं स्टँडर्ड) मुख्य लाइन, त्याच दोन वायरी, आणि ९ म्हणजे जो मेसेज ठरलेल्या वेळेला यायला पाहिजे तो येत नाही. कोड एवढंच म्हणतो की बोलणं थांबलंय, कुणामुळं थांबलंय ते म्हणत नाही. त्या पोरानं ईसीएमचा सप्लाय बघितला, बरोबर. अर्थिंग बघितलं, बरोबर. मास्टर स्विच (बॅटरीचा मेन) बंद करून केबिनमधल्या नऊ पिनच्या सॉकेटवर त्या लाइनीचा ओहम, म्हणजे रेझिस्टन्स, मोजला, ६० आला. पुस्तकात ६० म्हणजे पास. लाइन चांगली, सप्लाय चांगला, तरी इंजिनचा ईसीएम लॅपटॉपला उत्तर देत नाही, म्हणजे ईसीएम खराब. कोटेशन आलं ते बघून मी खुर्चीत बसलो, लाखातला आकडा होता, वर माल यायला कधी किती दिवस लागतील त्याची गॅरंटी नाही, आणि एकदा सील फोडलं की इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाहीत. आता खरं सांगायचं तर त्या पोराला दोष देता येत नाही, पुस्तकात जसं लिहिलंय तसं त्यानं केलं. पण मशीन उभं, हप्ता चालू, शेतकरी रोज फोन करूलालाय.

मिस्त्रीचा पत्ता मला क्रशरवाल्या एका पाव्हण्यानं दिला. फोनवर पहिल्यांदा त्यानं मशीन कुठलं हेसुद्धा विचारलं नाही. विचारलं ते असं : वेल्डिंग केलंय का एवढ्यात, बकेटला, दाताला, कुठंही? प्रेशरनं धुतलंय का? नवीन काय काय लावलंय, लाइट, कॅमेरा, टेप, जीपीएस? रात्री मशीन कुठं उभं असतंय, उंदीर आहेत का? एरर आल्यावर सेल्फ मारतोय का? आणि मशीन हलताना येतंय की उभं असताना? मी सांगितलं की चालवताना, तर म्हणाला, "मग ईसीएम नसणार बघा, पण येऊन बघतो." फोनवर छातीठोक काही बोलला नाही, हे मला आवडलं.

आला तो सांगितलेल्या वेळेच्या बऱ्याच उशिरानं, हे पण लिहून ठेवतो. बॅगेत मीटर, एक छोटा हातातला स्कोप (वायरीतला सिग्नल पडद्यावर रेघेत दाखवणारा), पिन-टर्मिनलचा डबा, क्रिम्पिंगची पक्कड, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, आणि होल्डरमधे बसवलेला एक बल्ब, त्याला दोन वायरी. लॅपटॉप होता पण तो शेवटपर्यंत गाडीतच राहिला.

मशीन त्या वेळेला नेमकं मूडमधे होतं, एरर नाही, इंजिन डायलप्रमाणं वरखाली होतंय. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता प्रॉब्लेम येईल तेव्हा बोलवा. यानं मास्टर स्विच बंद केला, थोडं थांबला, कारण चावी बंद केल्यावरसुद्धा ईसीएम काही वेळ जागा असतो आणि वायरीत करंट असताना ओहम मोजला तर मीटर काहीही दाखवतो, मग सॉकेटमधे कॅन हाय आणि कॅन लोच्या, म्हणजे त्याच दोन बोलणाऱ्या वायरींच्या, पिनेवर मीटर लावला. (पिन कुठल्या ते कंपनीप्रमाणं बदलतंय, इंटरनेटवरचं चित्र बघून घालू नका, आपल्या मशीनचा डायग्राम बघा.) मीटरवर ४० च्या आसपास.

तो हसला आणि मला म्हणाला, "साहुकार, तुमच्या मशीनला तीन टोकं आहेत काय ओ?"

आता यातलं इंगित समजून घ्या, कारण सगळा लाखाचा खेळ इथंच आहे. त्या दोन वायरींच्या लाइनला दोन टोकं असतात आणि प्रत्येक टोकाला १२० ओहमचा एक रेझिस्टर असतो, कधी वेगळ्या प्लगमधे तर कधी कंट्रोलरच्या पोटात. तो नसला तर सिग्नल टोकावर आदळून परत येतो आणि गोंधळ होतो. १२० चे दोन समांतर म्हणून बाहेरून मोजलं की ६०. एक तुटला की १२०. हाय आणि लो एकमेकाला चिकटले की शून्याजवळ. आणि ४० आला तर १२० चे तीन बसलेत, कुणीतरी तिसरा आणून घातलाय.

तिसरा कुठला ते शोधायला त्याला फार वेळ लागला नाही. सीटच्या मागचं पॅनेल उघडलं, तिथं जीपीएसचा डबा. कंपनीचा नव्हे, नंतर लावलेला, मशीन लोनवर आहे म्हणून बसवून घेतलेला. डिझेल किती, तास किती हे मोबाईलवर दिसावं म्हणून बसवणाऱ्यानं त्याच्या दोन वायरी सरळ कॅनच्या वायरीचं इन्सुलेशन सोलून पिळून काळी टेप गुंडाळलेली. कुणी बसवला ते लिहीत नाही, पण टेपला हात लावला तर ती उलगडून हातात आली, आत पाणी. आणि त्या डब्याच्या आत १२० चा रेझिस्टर चालूच ठेवलेला. वर त्याच्या वायरी एवढ्या लांब की गुंडाळी करून सीटखाली कोंबलेली. मुख्य लाइनीतून अशी फांदी काढायची तर जे-१९३९ च्या जुन्या शील्डवाल्या वायरिंगला एक मीटरच्या आत पाहिजे, हे मिस्त्रीनं सांगितलं.

डबा काढला, मीटर ६०. मी म्हटलं झालं, सापडलं. तो म्हणाला थांबा की. "तुमच्या इंजिनियरला ६० आला म्हणालात न्हवं? हा डबा लावलेला असताना ६०?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. डबा लावलेला असताना चांगल्या लाइनीत ४० यायला पाहिजे. इंजिनियरला ६० आला म्हणजे त्या वेळेला तीनपैकी एक रेझिस्टर लाइनीतून गळाला होता. मशीन तेव्हा एररमधे होतं. म्हणजे लाइन मधेच कुठंतरी तुटलेली, केबिनच्या बाजूला मॉनिटरकडचा एक आणि जीपीएसचा एक असे दोन राहिले, त्यांचे मिळून बरोब्बर ६०. इंजिनकडचा तिसरा पलीकडं एकटा पडलेला, ईसीएमसकट. मीटर खोटं बोलत नव्हता, पण तो ६० दुसऱ्याच दोघांचा होता. पुस्तकाप्रमाणं पास, आणि प्रत्यक्षात इंजिनचा ईसीएम लाइनीवर नाहीच, मग लॅपटॉपला उत्तर कोण देणार. एवढी साधी बेरीज, आणि त्यावर लाखाचं कोटेशन उभं होतं.

मग पुढचं काम म्हणजे नुसती चिकाटी. मीटर सॉकेटला लावून ठेवला, हेल्परला आकड्यावर नजर ठेवायला बसवलं आणि स्वतः मशीनच्या खालून, मागून, हार्नेस हातानं धरून वीतभर वीतभर हलवत गेला. हेल्पर आमचा कन्नड, त्याच्याशी कन्नडमधे, ऑपरेटरशी हिंदीत, माझ्याशी मराठीत, आणि मीटरशी शिव्यांत. केबिनच्या फ्लोअरखाली जिथं हार्नेस मागं बॉडीकडं वळतो तिथं हात लागला आणि हेल्पर ओरडला, नूर इप्पत्तु! एकशेवीस. सोडलं, ६०. परत वाकवलं, १२०.

तिथला क्लॅम्प बघितला तर आतलं रबर कधीच गळून गेलेलं, पत्र्याची कड हार्नेसवर घासत होती. वरची नळी कापून बघितली, पिवळी वायर वरनं धड दिसत होती, नुसता एक बारीक चरा. त्यानं दोन बोटात धरून हलकी ओढली तर रबरासारखी लांबली. म्हणजे आत तांबं नाहीच, वरचं इन्सुलेशन तेवढं जोडून धरलंय. कापून उघडली तर आत हिरवी पूड, वायर असायची तिथं. चऱ्यातनं पाणी आत गेलेलं आणि तांबं खात खात बसलेलं. उभ्या मशीनला दोन टोकं एकमेकाला टेकून असायची, मशीन चाललं, बॉडी हलली की सुटायची. ऑपरेटर पोरगा पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता की.

जोडकाम बघण्यासारखं होतं म्हणून जरा लिहितो. काळी पडलेली वायर दोन्ही बाजूला चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत मागं गेला, नवीन तुकडा घातला, क्रिम्प करून वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी. आणि दोन्ही वायरींचा पीळ जसाच्या तसा ठेवला, जोड दोन वेगवेगळ्या जागी केले म्हणजे एकमेकावर येत नाहीत. मी विचारलं पीळ कशाला एवढा, तर म्हणाला बाहेरचा कचरा सिग्नल दोन्ही वायरींवर सारखाच पडतो आणि समोरचा कंट्रोलर दोन्हीतला फरक तेवढा वाचतो, म्हणून कचरा आपोआप वजा होतो. पीळ उलगडला की तो फायदा गेला. नवीन रबरी क्लॅम्प टाकला आणि हार्नेस पत्र्यापासून दोन बोटं लांब घेतला.

मग मास्टर चालू, चावी ऑन, दोन्ही वायरींचा अर्थशी व्होल्टेज : हाय अडीचच्या जरासा वर, लो अडीचच्या जरासा खाली, दोन्हीची बेरीज पाचच्या आसपास. स्कोप लावून मला दाखवलं, एक लाइन वर उडते त्याच वेळी दुसरी तेवढीच खाली, आरशातल्यासारखी. मीटर सरासरी दाखवतो, मधेच क्षणभर तुटलं तर मीटरला कळत नाही, म्हणून स्कोप. शेवटी ऑपरेटरला मशीन त्याच बांधावरून इकडून तिकडं चालवायला लावलं, स्वतः केबिनमधे मागं उभा राहून. एरर नाही. त्यानंतर पाऊसभर मशीन चाललं, कोड परत आलेला नाही.

जीपीएस काढून टाकायचा नव्हता, लोनवाले बोंब मारतील. त्यानं डब्यातला रेझिस्टर बंद केला, वायरी आखूड केल्या, जोड नीट केला आणि परत लावला. लाइन ६० वरच राहिली. तुमच्याही मशीनला असले डबे असतील तर एकदा बघून घ्या, बसवणारे घाईत येतात, घाईत जातात.

आता त्याची कामाची पद्धत, जी मला दुसरीकडं दिसली नाही. कोड वाचताना तो 'कोणता कोड आहे' याच्याआधी 'कोण कुणाची तक्रार करतोय' हे बघतो. पंपाचा कंट्रोलर, मॉनिटर, सगळे एकट्या इंजिन ईसीएमबद्दल बोंबलत असतील तर इंजिन ईसीएमचा सप्लाय, अर्थ नाहीतर त्याच्याकडं जाणारी फांदी. सगळेच सगळ्यांबद्दल ओरडत असतील तर मुख्य लाइन. एकटा मॉनिटरच सगळ्यांची कागाळी सांगत असेल तर बाकीचे ठीक आहेत, मॉनिटरची वायर बघा. गल्लीत भांडण झालं की पोलीसपाटील पण असंच बघतो, सगळी गल्ली एकाकडं बोट दाखवूलाली की एकटाच सगळ्या गल्लीकडं. आणि ओहम शून्याजवळ आला, म्हणजे कुठंतरी शॉर्ट, तर एकेक कंट्रोलरचा सॉकेट काढत जायचा, ज्याचा काढल्यावर आकडा सुधारतो तिथं चोर. यात महागडं सॉफ्टवेअर कुठंच लागत नाही.

तो बल्ब कशाला असतो ते पुढं कळालं, हिडकलच्या बाजूला पाव्हण्याच्या बॅकहोला. तिथं ईसीएम लॅपटॉपला अजिबात लागत नव्हता, सेल्फ नाही, काही नाही. सप्लायच्या पिनेवर मीटर लावला तर बारा व्होल्ट पूर्ण. पाव्हणा म्हणाला बघा करंट तर येतोय, म्हणजे ईसीएमच. मिस्त्रीनं त्याच पिनेला बल्ब लावला, बल्ब पेटेना. मीटरला नुसता वास पुरतो, वायरीची एक काडी शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो, पण खरंच लोड दिला की कळतं. फ्यूजच्या होल्डरची एक क्लिप तापून तापून ढिली झालेली, प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. होल्डर बदलला, ईसीएम बोलायला लागला. हा बल्बचा प्रकार प्रत्येक मशीनमालकानं शिकून घ्यावा असा आहे, फक्त सप्लाय आणि अर्थच्याच वायरीला लावायचा. सिग्नलच्या नाहीतर सेन्सरच्या वायरीला लावलात तर चांगला ईसीएमपण जाईल, मग माझ्या नावानं खडे फोडू नका.

आणखी एक, तो वायरीला सुई टोचत नाही. बरेच इलेक्ट्रिशियन टेस्ट लॅम्पची टोकदार सुई वायरीत घालून बघतात, आपल्याकडच्या पावसात त्या भोकातनं पाणी आत जातं आणि पुढच्या वर्षी हिरवी पूड. हा कनेक्टरच्या मागच्या बाजूनं बारीक पिन सरकवून मोजतो.

आता न आवडलेलं. पहिलं, वेळ. सकाळी येतो म्हणाला की जेवण करून येणार असं धरा. पावसाळ्यात कणकुंबी, चोर्ल्याकडं बोलावलं तर सरळ नाही म्हणतो. फोन दहा वेळा करावा लागतो, व्हॉट्सअपला व्हिडिओ टाकलात तर मात्र रात्री बघून उत्तर देतो, मॉनिटरवरचा एरर नीट दिसेल असा टाका. दुसरं, जीएसटीचं बिल नाही, वहीच्या पानावर लिहून देतो, ज्यांना खर्च दाखवायचाय त्यांनी आधी बोलून घ्या. तिसरं, काय केलं ते लिहून ठेवत नाही, पुढच्या वेळी कुठला जोड कुठं मारलाय ते त्याच्या डोक्यात. मीच आता मोबाईलवर फोटो काढून ठेवतो. आणि तोंड जरा फटकळ आहे, ऑपरेटरवर ओरडतो, आमच्या हेल्परला 'प्रेशरचा पाइप सीटमागं मारलास तर तुलाच धुतो' म्हणाला. कनेक्टर वॉटरप्रूफ असतात हे खरं, पण सील चेपलेलं असलं आणि नोझल हातभर अंतरावर धरून मारलं की पाणी जातंच, तेव्हा ओरडणं चुकीचं नव्हतं. मराठीत शिवी खाल्लेली त्या पोराला कळाली का माहीत नाही, पण सीटमागं आता कापडानं पुसतो.

मोठी मर्यादा एकच. ईसीएम खरंच गेला असेल तर याच्याकडं त्याचं औषध नाही. ओळखीतल्या एकानं बकेटला दात बसवायला वेल्डिंग केलं, मास्टर स्विच बंद नाही, ईसीएमचे सॉकेट काढलेले नाहीत, अर्थ लांब कुठंतरी ट्रॅकला लावलेला. म्हणजे वेल्डिंगचा करंट पिन-बुशमधनं, बेअरिंगमधनं वाट काढत गेला. तिथं मिस्त्रीनं सप्लाय, अर्थ, लाइन सगळं तपासलं, एका कंट्रोलरचा सॉकेट काढल्यावर शॉर्ट सुटला, आणि सांगितलं की हा मेला, डीलरकडं जावा. नवीन ईसीएम नुसता लावून चालत नाही, त्यात त्या मशीनचं सॉफ्टवेअर, इंजिनचे पॅरामीटर, इंजेक्टरचे कोड भरावे लागतात आणि ते कंपनीच्या टूलशिवाय होत नाही. कॅटरपिलरला ईटी, कमिन्सला इनसाइट, हिताचीला डॉक्टर झेडएक्स, प्रत्येकाचं आपापलं. स्वस्तातले डुप्लिकेट ॲडॉप्टर ऑनलाइन मिळतात, त्यावर कोड वाचले तर वाचले, प्रोग्रामिंग करायला जाऊ नका, मधेच तुटलं तर चांगला ईसीएम विटेसारखा होऊन बसतो. याच्याकडं पण तसला एक ॲडॉप्टर आहे, तो स्वतःच म्हणतो फक्त वाचायला. कार्ड उघडून आतला पार्ट बदलणारे पुण्याकडं, कोल्हापूरकडं आहेत, पण हा त्या फंदात पडत नाही आणि कुणाचं नावही सांगत नाही.

वॉरंटीतलं मशीन असेल तर याला बोलवू नकाच, हार्नेसला बाहेरच्याचा हात लागला दिसला की कंपनी हात वर करते. फार तर ओहमचा आकडा स्वतः मोजा, एररमधे असताना एक आणि चांगलं चालताना एक, दोन्ही मास्टर बंद करून, आणि डीलरच्या इंजिनियरला सांगा. एवढं केलं तरी बोलणं वेगळ्या पातळीवर जातं, कोटेशन लगेच हातात पडत नाही.

पैशाचं म्हणाल तर माझ्याकडून व्हिजिट, दिवसभराचं काम आणि सामान मिळून घेतलेले पैसे एका ट्रिपच्या डिझेलएवढे पण नव्हते. बेळगावच्या जवळपास असेल तर कमी, चिकोडी-निपाणीकडं जायचं तर गाडीभाडं वेगळं. काही सापडलं नाही तर फक्त येण्याजाण्याचं घेतो. ॲडव्हान्स मागत नाही, पण उधारी चालत नाही, कॉन्ट्रॅक्टरांनी लक्षात घ्या, 'बिल पास झाल्यावर देतो' हे वाक्य त्याच्यापुढं काढू नका.

बोलवणार असाल तर एवढं करून ठेवा : मशीन सपाट जागेला, पावसात असेल तर वर ताडपत्री, सीटमागचं आणि बॅटरीकडचं पॅनेल मोकळं, बॅटरी चार्ज (ढिल्या बॅटरीवर सेल्फ मारताना व्होल्टेज पडून खोटे कोड येतात, त्यात त्याचा वेळ जातो), आणि नेहमीचा ऑपरेटर हजर पाहिजे, मालक नसला तरी चालतो. आणि त्याच्या आधी कुणी काय काय काढलं, जोडलं, धुतलं ते खरं सांगा, तो हार्नेस बघून ओळखतोच.